साडेएकोणीस फूट सावली

“मागच्या वेळची गेली का हो सगळी?” संपतनं आप्पांना विचारलं, आणि मी पिटुनियाच्या रोपांवरून मान वर केली.

कोरेगाव रस्त्यावरची ती नर्सरी, फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेनऊ. संपत हा नर्सरीचा मालक. गळ्यात टॉवेल, हातात पाण्याचा पाइप आणि तोंडाला अजिबात कुलूप नाही. आप्पा म्हणजे माझे वडील, जगन्नाथ शिंगटे, वय त्रेसष्ट, सरकारी मोजणीदार म्हणून निवृत्त. अख्ख्या सातारा तालुक्यातले बांध त्यांनी मोजले होते, पण नर्सरीत त्यांनी जन्मात पाऊल टाकलं असेल असं मला वाटत नव्हतं.

“मागच्या वेळची म्हणजे?” मी विचारलं.

“अगं, माणूस ओळखायला चुकतायत ते,” आप्पा म्हणाले. “रोज पन्नास गिऱ्हाइकं येतात.”

“चुकतोय कसा?” संपतनं पाइप खाली टाकला. “ह्या पावण्यांनी माझी रोपं फूटपट्टी लावून घेतली ओ ताई. ह्ये सहा इंच, ह्ये साडेसहा, ह्ये परत ठेवा. असलं गिऱ्हाईक कोण इसरंल व्हय?”

आप्पांना एकाएकी डायंथसच्या वाफ्यात फारच रस वाटायला लागला. मी म्हटलं, जाऊ दे. आले असतील कधीतरी, आणली असतील चार रोपं, आणि मेली म्हणून सांगायची लाज वाटत असेल. त्या दिवशी माझ्याच डोक्यात काहीतरी शिजत होतं, त्यामुळे दुसऱ्याच्या भांड्यात डोकावायला मला सवड नव्हती.

ह्याला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा एकतीस वर्षांची, बँकेत नोकरीला. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि घरात आम्ही दोघंच. त्या तीन वर्षांत मला दोनदा बढती आली, दोन्ही वेळा परगावी, आणि दोन्ही वेळा मी नको म्हणून लिहून दिलं. आप्पांना पत्ता लागू दिला नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला रिकाम्या घरात टाकून जायचं कसं? तिसरं पत्र नागपूरचं आलं. सोमवारी अकराच्या आत उत्तर हवं होतं, आणि ह्या वेळी नाही म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही, असं साहेबांनी तोंडावर सांगितलेलं.

शेजारच्या टेबलावरची मंदाकिनी म्हणाली, “त्यांना बाग करून दे गं. माझे सासरे बघ, झाडांत इतके रमतात की जेवायला दहा हाका माराव्या लागतात.” म्हणून मी हा घाट घातला होता. अंगण फुलांनी भरून टाकायचं आणि आप्पा रमतायत का ते बघायचं. रमले तर नागपूर. नाही रमले तर मुकाट्यानं नकार लिहायचा आणि जन्मभर त्याच खुर्चीत बसायचं.

आणि आप्पा तर काय रमले! त्यांना आवरणं मुश्कील झालं.

“निलू, हा रंग कुठला गं? जांभळा का राणी?”

“राणी.”

“घे. सहा घे. आणि हे बघ, ह्याच्या पाकळ्यांना कुणीतरी कात्रीनं नक्षी केलीय.”

“ती तशीच असतात, आप्पा.”

“जन्मतःच? कमाल आहे!” मग ते पॅन्सीच्या वाफ्यासमोर वाकले. पॅन्सीच्या फुलावर काळ्या रेघा असतात, त्यानं ते रागावलेल्या माणसासारखं दिसतं. आप्पा बराच वेळ एका पिवळ्या फुलाकडे बघत राहिले आणि एकदम फिस्सकन हसले. “हे थेट आमच्या एका तहसीलदारांसारखं आहे. मिश्या बघ! चार घे ह्यांची. रोज सकाळी पाणी घालताना दोन शब्द सुनावता येतील.”

तीन वर्षांत मी आप्पांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आवरेना. माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मी फ्लॉक्स घेतले, साल्व्हिया घेतला, जरबेराच्या तीन कुंड्या घेतल्या, आणि मनातल्या मनात केव्हाच नागपुरात भाड्याची खोली बघायला लागले होते.

“आता जरा सावलीतली दाखवा,” आप्पा संपतला म्हणाले.

“सावलीतली कशाला?” मी विचारलं.

“असावीत गं. दहा-वीस.”

संपत आम्हाला हिरव्या जाळीखाली घेऊन गेला. तिथं सगळं ओलं, गार. नेचे, बिगोनिया, पीस लिली, ठिपक्याठिपक्यांच्या पानांचं कॅलेडियम. “सावली कसली हाय?” संपतनं विचारलं. “भिताडाची का झाडाची? मधनं ऊन येतंय का? नीट सांगा पावणं, न्हाईतर ही बी मरतील.”

आप्पांनी डोळे मिटले. मोजणीचं काही सांगायचं असलं की ते नेहमी डोळे मिटत.

“आंब्याची सावली,” ते म्हणाले. “बुंध्यापासून पूर्वेला साडेएकोणीस फूट, दक्षिणेला अकरा. सकाळी साडेनऊपर्यंत पूर्वेच्या कडेला तीन फुटांचा तिरपा पट्टा कोवळं ऊन. त्यानंतर चारपर्यंत सावली अखंड. जमीन मुरमाड. उतार ईशान्येला, फुटाला पाऊण इंच.”

संपतनं कौतुकानं मान हलवली. मी मात्र बघतच राहिले. आमचा प्लॉट कोडोलीच्या उघड्या माळावर. अंगणात पापड घातले तर तासाभरात वाळायचे. आंबा सोडा, आमच्या दारात शेवगासुद्धा नव्हता.

“आप्पा,” मी म्हटलं, “हा आंबा कुठला?”

आप्पांनी डोळे उघडले, आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. दुसरा कुणी असता तर गुळमुळीत बोलून सुटला असता. म्हणाला असता, असेल थोडी सावली इकडंतिकडं. पण चौतीस वर्षं ज्यानं वीतभर जमिनीसाठी भावाभावांच्या शिव्या खाल्ल्या आणि मोजणीची साखळी कधी सैल सोडली नाही, त्या माणसाला कुणी माप विचारलं की खरंच सांगावं लागायचं. बाकी बारीकसारीक थापा ते मारत.

“एका पक्षकाराचा आहे,” आप्पा म्हणाले.

“पक्षकार? निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तुम्हाला.”

“खाजगी मोजणी होती. हद्दीचा वाद.”

“मिटला?”

“मिटला की. गेल्या जूनमध्येच.”

“मग फेब्रुवारीत तुम्ही तिथं सावली कशाला मोजताय?”

आप्पांनी जवळचा एक नेचा पिशवीसकट उचलला आणि छातीशी धरला. संपत म्हणाला, “च्या सांगू का?” त्याला फार मजा येत होती.

“पक्षकाराचं नाव?” मी विचारलं.

“फडतरे.”

“पूर्ण नाव, आप्पा.”

“श्रीमती शकुंतला फडतरे,” आप्पा म्हणाले, आणि त्यांचे दोन्ही कान जरबेरासारखे लाल झाले.

खरं सांगते, आधी आई डोळ्यांसमोर आली. मग राग आला, तोही सणसणीत. आठ महिने! मी इथं ह्यांच्यासाठी बढत्या परत पाठवतेय, आणि हे परक्या आंब्याखाली सावल्या मोजतायत? मी तोंड उघडलं ते चांगलं फैलावर घ्यायला. पण समोर बघितलं तर त्रेसष्ट वर्षांचा माझा बाप, पांढरी टोपी, पांढऱ्या मिश्या, नेचा पोटाशी धरून उभा, आणि नेच्याची पानं थरथरतायत. मला असं काही हसू फुटलं की मी संपतच्या खताच्या पोत्यावरच बसले.

“चला,” डोळे पुसून मी म्हटलं.

“कुठं?”

“आंबा बघायला!”

माझी जुनी मारुती होती. मागच्या सीटवर फुलं, डिकीत फुलं, आणि सावलीतली सगळी रोपं आप्पांच्या मांडीवर आणि पायांत. कॅलेडियमचं एक पान त्यांच्या कानात जात होतं. पोवई नाक्यावर हवालदारानं आत वाकून पाहिलं, त्याला आधी आप्पा दिसलेच नाहीत.

“निलू, मागं फिर,” झाडीतून आवाज आला. “अजून काही ठरलेलं नाही.”

“काय करतात त्या?”

“एसटीत होत्या. चौकशीच्या खिडकीवर. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या.”

“स्टँडवर गाड्या पुकारायच्या त्या?” मी किंचाळलेच. तो आवाज साऱ्या साताऱ्याला पाठ होता. कॉलेजला जाताना मी पाच वर्षं तो रोज ऐकलेला. त्या आवाजात जरब अशी की गाडी नसलेली माणसंसुद्धा उठून उभी राहायची.

“त्याच,” आप्पा म्हणाले, आणि त्या दोन अक्षरांत अभिमान मावत नव्हता.

“आणि त्यांच्या दारात झाडं तुम्ही का लावायची?”

आप्पांनी कॅलेडियमचं पान कानातून बाजूला केलं. “अट आहे त्यांची. त्या आंब्याखाली वीस वर्षांत गवताची काडी उगवलेली नाही. तिथं पाडव्यापर्यंत काहीतरी जगवून दाखवा, मग बघू, म्हणाल्या.”

“बघू म्हणजे काय बघू?”

“ते आपलं... पुढचं.”

“आणि तुम्ही काय लावलंत?”

“आधी झेंडू. आठ दिवसांत गेला. मग हे तुझं पिटुनिया. तेही गेलं. ही उन्हातली झाडं आहेत असं मला कुणी सांगितलंच नाही, निलू. मी रोपं मोजून लावली होती, नऊ-नऊ इंचांवर!”

मी गाडी बाजूला घेतली आणि पोट धरून हसले. मग आप्पाही हसायला लागले.

शाहूपुरीतलं छोटंसं बैठं घर, आणि घरापेक्षा मोठा आंबा. मोहर असा फुटलेला की झाडाचं पान दिसेना. खाली शकुंतलाबाई खराट्यानं पडका मोहर झाडत होत्या. उंच्यापुऱ्या, जाड चष्मा, पदर कमरेला खोचलेला.

“शिंगटे!” त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या घराची खिडकी उघडली. “रविवारी कसे? तुमची वेळ मंगळवारची.” मग त्यांनी मला पाहिलं आणि खराटा हातातून गळाला.

“नमस्कार. मी नीलांबरी, ह्यांची मुलगी,” मी म्हटलं. “आम्ही बघायला आलोय.”

“काय बघायला?”

“तुम्हाला.”

“निलू!” आप्पा मांडीवरच्या नसलेल्या कुंड्या सावरत पायरीवर बसले.

तोवर मला नऊ ठिकाणच्या मंडळींनी पाहिलं होतं. त्यामुळे बघायला आलेल्या माणसानं कसं बसायचं, कसं घसा खाकरायचं, काय काय विचारायचं, ते मला तोंडपाठ होतं. कधीतरी आपण पलीकडच्या बाजूला बसावं, ही माझी फार दिवसांची हौस. मी ओट्यावर ऐसपैस मांडी घातली.

शकुंतलाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी हसतेय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी पदर सोडला, डोक्यावरून घेतला आणि समोर पाटावर बसल्या. “विचारा,” त्या म्हणाल्या.

“पूर्ण नाव?”

“शकुंतला बाबूराव फडतरे. लग्न झालेलं नाही. भावाचा संसार उभा करता करता राहून गेलं.”

“शिक्षण?”

“जुनी मॅट्रिक.”

“स्वयंपाक येतो का?”

“येतो. आवडत नाही.”

“गाणं वगैरे?”

शकुंतलाबाईंनी डोळे मिटले, श्वास घेतला. “सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडीमार्गे म्हसवडला जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागत आहे. प्रवाशांनी रांगेत चढावं!”

आंब्यावरचे कावळे उडाले. गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. मी टाळ्या वाजवल्या.

“उंची?”

“पाच फूट साडेचार इंच,” आप्पा म्हणाले.

आम्ही दोघी त्यांच्याकडे वळलो.

“शिंगटे,” शकुंतलाबाई म्हणाल्या, “तुम्ही माझी उंची कधी मोजलीत?”

“अंदाजानं सांगितलं.”

“तुम्ही? आणि अंदाज?”

“तुम्ही हद्दीच्या खांबाशेजारी उभ्या होतात,” आप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. “खांब पाच फुटांचा होता. वर किती राहतं ते... दिसलं.”

शकुंतलाबाई लाजल्या. साठ वर्षांची बाई अशी लाजताना मी प्रथमच पाहत होते, आणि मला इतकं गोड वाटलं की पुढचा प्रश्नच सुचेना. तेवढ्यात त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला.

“झालं तुझं? आता माझा एकच प्रश्न,” त्या म्हणाल्या. “नागपूरचं काय ठरवलंस?”

मी मांडी मोडून सरळ बसले. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

त्यांनी आप्पांकडे बोट केलं. आप्पा पायरीवर पडलेला मोहर मोजत होते.

“तुझ्या साहेबांच्या भावाची जमीन मी मोजली होती,” ते म्हणाले. “रस्त्यात भेटतात ते. पहिल्या वेळचंही कळलं, दुसऱ्या वेळचंही, आणि हे नागपूरचंही.”

“आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?”

“काय बोलायचं, पोरी? तू आपणहून नाही म्हणत होतीस. मला वाटलं, आईचं घर तुला सोडवत नाही. त्या घरात तुझं काहीतरी गुंतलंय. मग त्या घरात तुला एकटी टाकून मी इकडं कुठल्या तोंडानं यायचं?”

“आठ महिने मी हेच ऐकतेय,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “पोर एकटी पडेल, पोर एकटी पडेल. नाही म्हणायचं ह्यांच्या जिवावर यायचं, आणि माझ्याही. म्हणून घातली मी ती अट. मला ठाऊक होतं ह्या झाडाखाली काही जगत नाही. पाडवा आला असता आणि गेला असता. कुणी कुणाला नकार दिला असं झालं नसतं.”

मी आप्पांकडे बघितलं. तीन वर्षं मी ह्या माणसासाठी दार धरून उभी होते, आणि हा माणूस माझ्यासाठी. दोघंही मनात म्हणत होतो, बिचाऱ्याला एकटं कसं सोडू. रोज सकाळी चहा एकत्र प्यायचो आणि पेपरातल्या बातम्यांबद्दल बोलायचो. मला रडू आलं आणि हसूही आलं. दोन्ही एकदम येतं तेव्हा माणूस किती वेंधळं दिसतं, ते आप्पांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं, कारण त्यांचंही तेच चाललं होतं.

“मी उद्या हो म्हणून कळवतेय,” मी म्हटलं. “मला जायचंय, आप्पा. खूप जायचंय.”

“मग जा ना बाई!” आप्पा इतक्या जोरात म्हणाले की शेजारची खिडकी पुन्हा उघडली.

“आणि तुमचं?”

आप्पा शकुंतलाबाईंकडे बघायला लागले. त्या गाडीतल्या रोपांकडे बघत होत्या.

“जगोत न जगोत,” शेवटी त्या हळूच म्हणाल्या. “अटीचं मी बघून घेईन. पण माझ्याकडून उभं राहायला कुणी नाही. भाऊ गेला, भाचरं परदेशात. लग्न म्हटलं की बाईच्या बाजूनं एक तरी माणूस लागतं. नाहीतर ते कसंसंच दिसतं.”

“मी आहे की,” मी म्हटलं.

“तू त्यांच्याकडची.”

“त्यांच्याकडून अख्खं मोजणी खातं येईल, साखळ्या घेऊन. मी तुमच्याकडून.”

शकुंतलाबाई उठल्या. पोहे करते, म्हणून ज्या आत गेल्या त्या वीस मिनिटं बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा नाक लाल होतं आणि पोह्यांत मीठ दोनदा पडलं होतं. आम्ही ते सगळे खाल्ले. मग दुपारभर आंब्याखाली खड्डे खणले. आप्पा दोरी लावून अंतर सांगायचे, आणि शकुंतलाबाई मुद्दाम रोप दोन इंच बाजूला लावायच्या. उन्हातली फुलं त्यांच्या फाटकाशी लावली, कारण ती कोडोलीला न्यायचं आता कुणाच्याच मनात नव्हतं. बिगोनिया पुढं टिकले नाहीत. नेचे मात्र असे माजले की पाडव्याला वाट काढून घरात जावं लागलं.

सोमवारी पावणेअकराला मी होकार कळवला. आप्पांनी त्याच दुपारी लग्नाची नोटीस दिली. नोटिशीचा महिना भरला तेव्हा मी नागपुरात रुजू झाले होते, दोन दिवसांची रजा काढून आले. विवाह नोंदणीच्या कचेरीत आप्पांच्या मागं खरंच मोजणी खात्यातली अकरा माणसं उभी होती. शकुंतलाबाई हिरव्या साडीत, एकट्या, आणि त्यांच्याशेजारी मी.

“वधूकडचे साक्षीदार?” कारकुनानं विचारलं. मी पुढं झाले. त्यानं माझं नाव वाचलं, आप्पांचं वाचलं, पुन्हा माझं वाचलं. “नीलांबरी जगन्नाथ शिंगटे. मॅडम, तुम्ही वराच्या बाजूच्या. तिकडं उभ्या राहा.”

“नाही,” मी म्हटलं, “मी इकडचीच.”

त्यानं खांदे उडवले आणि कागद माझ्यापुढं सरकवला. नाव, वय, पत्ता भरून झालं. खाली एक रकाना होता, वधूशी नाते. शकुंतलाबाईंनी माझा दंड धरला होता. त्या माझ्या पेनकडे बघत होत्या. मी लिहिलं, मुलगी.